टोकापासून चार बोटांवर

११ नोव्हेंबर, मंगळवार

कुसाबाईंच्या आतड्याला भोक पडलं आहे. आज दुपारी त्यांचं पोट पुन्हा उघडलं तेव्हा डॉ. पिंगळ्यांनी स्वतः दाखवलं. कडा पांढरट आणि कडक होत्या. मास्कमधून ते हळूच म्हणाले, "हे कापलेलं नाही सिस्टर. भाजलेलं आहे." मग लगेच, "हे लिहू नका."

ऑपरेशनच्या कागदावर मी ते लिहिलं नाही, इथे लिहिते आहे. औषध कंपनीने दिलेली ही डायरी माझी आहे.

पित्ताशयाच्या खड्यांचं साधं दुर्बिणीचं ऑपरेशन, गेल्या गुरुवारचं. कुसाबाई सुरगाण्याकडच्या, वय पन्नाशीचं. शनिवारी चालत जिन्याने उतरल्या आणि नवऱ्याबरोबर जीपने गावी गेल्या. आज सकाळी त्याच जीपने परत आल्या, पोट लाकडासारखं, अंगात ताप. आता व्हेंटिलेटरवर आहेत.

मनोज सर आमचे प्रशासक. पेशंट आत असतानाच त्यांनी नवऱ्याला, धोंडीरामांना, लिफ्टपाशी गाठलं आणि घरी काय खायला दिलं ते विचारलं. धोंडीराम खोटं बोलणारे नाहीत. म्हणाले, नागलीची भाकरी, दुधात कुस्करून, तिनेच मागितली. मनोज सरांनी ते लगेच लिहून घेतलं. अंगठा नको, सही करता येते, असं म्हणून धोंडीरामांनी खाली सही केली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी मीटिंग. चोवीस तारखेला, सोमवारी, आमच्याकडे रोबोटवर पहिलं ऑपरेशन आहे. द्वारकेच्या चौकापासून हॉस्पिटलच्या गेटपर्यंत बॅनर लागलेत. त्याआधी हे प्रकरण मिटवायचं आहे. अहवाल वीस तारखेपर्यंत हवा. काय लिहायचं तेही ठरल्यासारखं दिसलं: नातेवाइकांनी आहाराच्या सूचना पाळल्या नाहीत.

मी विचारलं, भाकरीने भोक पडलं तर त्याच्या कडा भाजलेल्या कशा?

मनोज सर म्हणाले, "सिस्टर, तुम्ही कधीपासून डॉक्टर झालात?"

म्हटलं, "नाही झाले. झाले असते तर मीही गप्प बसले असते."

डॉ. पिंगळे चहाच्या कपाकडे बघत होते. चांगले सर्जन आहेत. अकरा वर्षं त्यांच्या टेबलाला उभी आहे, त्यांचा हात मला माझ्या हाताइतका ठाऊक आहे. म्हणूनच जास्त राग आला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कुसाबाई तशाच. धोंडीराम जिन्याखालच्या बाकावर बसून असतात. कँटीनमधून पोळीभाजी पाठवली, ती त्यांनी शेजारच्या बाईला दिली. मंगळवारपासून चहाशिवाय काही घेतलेलं नाही, असं तीच सांगत होती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज शांतपणे विचार केला.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पित्ताशय सोडवायला हूक वापरतात. हातभर लांब, बारीक दांडी, टोकाला वाकडी तार. पायाखालचं पेडल दाबलं की कॉटरी मशीनचा करंट टोकाशी येतो आणि कापता कापता रक्त थांबवतो. दांडीवर टोकापर्यंत प्लॅस्टिकचं काळं आवरण असतं, करंट मध्येच कुठे बाहेर पडू नये म्हणून. कॅमेऱ्यात दिसतं फक्त टोक. मागची दांडी पोटात कशाला टेकली आहे ते कोणालाच दिसत नाही. तिथे आवरणाला केसाएवढी चीर असेल तर करंट तिथून आतड्यात शिरतो. तेव्हा काही कळत नाही. भाजलेली जागा तीन-चार दिवसांनी गळून पडते, आणि तोवर पेशंट घरी गेलेला असतो.

हे आम्ही ट्रेनिंगमध्ये शिकलो आहोत. म्हणून तर माझा रंगाचा नियम आहे. आमच्या दोन सेटचे दोन हूक. दर महिन्याच्या एक तारखेला मी ते स्वतः तपासते: धुणं, तेल, भिंगातून आवरण बघणं. मग गेल्या महिन्याचा रंग पुसून नव्या महिन्याचा नेलपॉलिशचा पट्टा काढते. मुठीजवळ काढला तर हातमोज्यांनी झिजतो, म्हणून टोकापासून चार बोटांवर. ऑक्टोबर हिरवा होता, नोव्हेंबर मरून. चालू महिन्याचा रंग नसेल तर हूक टेबलावर येत नाही, मग समोर कोणीही सर्जन असो. गेल्या वर्षी तपासणीला आलेल्या पथकाने या पट्ट्याचा फोटो काढून नेला होता. बाकीच्या हॉस्पिटलांना दाखवू म्हणाले होते.

ऑपरेशनच्या गुरुवारी, सहा तारखेला, दोन नंबरचा हूक होता, रजिस्टरला नोंद आहे. आज तो भिंगाखाली धरला. आवरण गुळगुळीत, पट्टा जागच्या जागी. काही नाही.

म्हणजे दोष मशीनचा, नाहीतर केबलचा, नाहीतर डॉक्टरांचा. त्यांना पेडल आधी दाबायची आणि टोक नंतर टेकवायची सवय आहे, हे मी पूर्वीही बोलून दाखवलं आहे. खरं लिहायचं तर दोष त्यांचा निघावा असं मला वाटत होतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

जेवताना नवऱ्याला, फारुखला, सगळं सांगितलं. त्याचं द्वारकेला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, विहिरीच्या आणि पिठाच्या गिरणीच्या मोटारी भरतो. हूक डोळ्यांनी तपासतो म्हटल्यावर तो खायचा थांबला.

"डोळ्यांनी? आणि मेगर?"

इन्सुलेशन कुठे गळतंय ते सांगणारं यंत्र म्हणजे मेगर. भरलेली प्रत्येक मोटार तो मेगर लावल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही.

म्हटलं, आमच्याकडे नाही.

"गिरणीच्या मोटारीला जेवढं बघतो, तेवढं तुम्ही माणसाच्या पोटाला बघत नाही?"

हूकसाठीही असं यंत्र मिळतं, हे मला माहीत आहे. तीन वर्षं मागणी पाठवते आहे, तीन वर्षं ती 'पुढील बैठकीत' जाते. रोबोट मात्र एका बैठकीत आला.

१६ नोव्हेंबर, रविवार

दोन नंबरचा हूक पर्समध्ये घालून आणला. हे नियमात बसत नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही.

दुकान बंद होतं, अर्धं शटर उघडून आत बसलो. फारुखने मिठाच्या पाण्यात भिजवलेली चिंधी दांडीभोवती गुंडाळली. मेगरची एक वायर मुठीच्या पिनेला, दुसरी चिंधीला. हँडल फिरवायला लागला. चिंधी मुठीकडून टोकाकडे सरकवत गेलो. काटा हलत नव्हता. मला जरा बरंही वाटलं. मग चिंधी मरून पट्ट्यावर आली आणि काटा धाडकन शून्यावर पडला.

तीनदा केलं. तीनही वेळा तिथेच. पट्ट्याच्या वर नाही, खाली नाही.

म्हणजे चीर आहे, आणि ती नेमकी माझ्या रंगाखाली होती म्हणून भिंगातून दिसली नाही. पट्टा बोटभर अलीकडे काढला असता तर दिसली असती. नशीब.

फारुखने हूक नाकाशी नेला. "हमीदा, याला थिनर कोणी लावलं?"

थिनर नाही, नेलपॉलिश पुसायचं रिमूव्हर, म्हटलं.

"तेच ते. वार्निश उतरवायचं असलं की मी हेच लावतो."

मी म्हटलं, हे वार्निश नाही, कंपनीचं आवरण आहे, तुझ्या मोटारी वेगळ्या. त्याने हूक माझ्या हातात दिला. त्याला प्रत्येक गोष्टीत दुकानाचा वास येतो.

पण पुरावा हातात आला आहे. कंपनीने खराब माल दिला. उद्याच सांगते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सांगण्याआधी खात्री हवी म्हणून एक नंबरचा हूकही दुपारच्या सुट्टीत दुकानावर नेला, आणि कपाटातला तिसरा. तिन्ही एकाच खोक्यातून आलेले. तिसरा राखीव आहे. दुसऱ्या हॉस्पिटलात कॅम्प असला की डॉक्टर तो घेऊन जातात. तो माझ्या टेबलावर येत नाही, म्हणून त्याला पट्टा नाही.

एक नंबर: काटा शून्यावर, पट्ट्यापाशीच.

तिसरा: काटा हलला नाही.

कंपनीचा माल खराब, तिनातले दोन. असं मी तृप्तीला म्हटलं. तृप्ती माझ्या हाताखालची, दीड वर्षाची नोकरी, हत्यारं तीच धुते. ती ट्रे पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "सिस्टर, तिसऱ्याला आपण रंग लावत नाही ना?"

तिला म्हटलं, ट्रे नीट पूस.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

हूकबरोबर आलेली कंपनीची पुस्तिका हत्यारं निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हमागच्या ड्रॉवरमध्ये होती. प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती. सहाव्या पानावर, चौकटीत: आवरणावर ॲसिटोन किंवा ॲसिटोन असलेलं कोणतंही द्रावण वापरू नये, आवरण तडकतं.

रिमूव्हरची बाटली उलटी करून मागे वाचलं. पहिलाच शब्द तो.

दर महिन्याच्या एक तारखेला. चोवीस महिने.

फारुखला फोन करून एवढंच सांगितलं, की तुझं बरोबर होतं. तो म्हणाला, दुकान बंद करून घ्यायला येऊ का? नको म्हटलं.

दुपारी डॉ. पिंगळ्यांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. हूक, मेगर, पट्टा, पुस्तिका. त्यांनी पुस्तिकेचं सहावं पान उघडून वाचलं. मग म्हणाले, "हे अजून कोणाला माहीत आहे?" मी सांगितलं. ते म्हणाले, दोन्ही हूक आज टाकून द्या, तपासणीचं यंत्र मी मागवून घेतो, रिमूव्हर बंद. यापुढे कोणाला होणार नाही. तेच महत्त्वाचं ना?

"आणि अहवाल?"

"अहवालात भाकरी राहू दे. तुमची बावीस वर्षांची नोकरी आहे, हमीदा सिस्टर. भाकरीची काही नाही."

ते माझ्या भल्यासाठीच बोलत होते. मी हो म्हणाले. खाली उतरताना हो, ड्यूटी संपेपर्यंत हो, घरी येऊन हात धुताना हो. आत्ता लिहितानाही नाही म्हणता येत नाहीये. फक्त हूक टाकून दिले नाहीत. माझ्या कपाटात आहेत, किल्ली माझ्याकडे आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कुसाबाईंची व्हेंटिलेटरची नळी परवाच काढली होती. आज डोळे उघडून बघतात, ओठ हलवतात. धोंडीरामांना आत सोडलं तर ते दाराशीच उभे राहिले. मी म्हटलं, जवळ जा, हात धरा. ते मागे वळून निघूनच गेले.

जिन्याखाली भेटले. म्हणाले, "सिस्टर, तूच सांग तिला. माझ्यानं नाय होत. माझ्या हातानं घास दिला मी."

आठ दिवस हा माणूस का जेवला नाही ते मला तेव्हा कळलं. मला वाटलं होतं, काळजीने.

मी बाकावर बसले. त्यांनाही बसवलं. म्हटलं, "बाबा, भाकरीनं भोक पडलं नाही. ऑपरेशनच्या हत्यारानं पडलं. त्याचं आवरण चिरलं होतं, आणि ते माझ्या हातून चिरलं. मी त्याला खूण करत होते आणि ती खूण पुसायला जे वापरत होते, त्यानं ते खराब झालं. मला माहीत नव्हतं, पण माहीत असायला हवं होतं."

ते म्हणाले, "म्हंजे भाकरीनं नाय?"

"नाही."

"दुधानं?"

"नाही. कशानंच नाही. ती ठणठणीत असती तर ती भाकरी तिला पचली असती."

पुन्हा विचारलं, भाकरीनं नाय? पुन्हा सांगितलं. मग त्यांचा आवाज बदलला. "मंग त्या सायबानं माझी सही कशाला घेतली?"

याचं उत्तर साहेबांनीच द्यायचं आहे. धोंडीराम उठले, भिंतीपर्यंत गेले, परत आले. माझ्यावर ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर सोपं झालं असतं.

"तू आत्ता बोलतीस," ते म्हणाले. "उद्या कोन ऐकल? लिहून देशील?"

"देईन."

"तुजी सही?"

"माझी सही."

मग त्यांनी कँटीन कुठे आहे ते विचारलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काल घरी आल्यावर दोन पानं लिहिली. बावीस वर्षं रजिस्टर लिहिते आहे, त्यामुळे शब्द शोधावे लागले नाहीत. किती तारखेला कोणता हूक, कोणता रंग, पुस्तिकेचं पान, फारुखचा मेगर, यंत्राच्या मागणीच्या तीन तारखा, डॉक्टर काय म्हणाले आणि काय लिहू नका म्हणाले. माझं नाव पहिल्या ओळीत घातलं, शेवटच्या नाही.

तृप्तीने वाचलं आणि सहीसाठी पेन मागितलं. मी दिलं नाही. तिला म्हटलं, तुला विचारतील तेव्हा जे पाहिलंस ते सांग, एवढं पुरे आहे. ती फुरंगटून म्हणाली, "रंग मीही पुसलाय, तुम्ही रजेवर होतात ते दोन महिने." तरी नाही दिलं. पण तिचं हे वाक्य मी तिला विचारून खाली जोडलं, कारण ते खरं आहे.

आवक खिडकीवर दोन प्रती नेल्या. दोन्हींवर शिक्का घेतला. एक मनोज सरांसाठी, दुसरी धोंडीरामांच्या हातात. त्यांनी ती घडी घालून टोपीत ठेवली.

दहा मिनिटांत बोलावणं आलं. मनोज सर म्हणाले, हा कागद मागे घ्या, अजून वेळ गेलेली नाही. मी म्हटलं, शिक्का पडला. ते म्हणाले, "तुम्हाला कळतंय का, तुम्ही हॉस्पिटलला बुडवताय? सोमवारी रोबोट सुरू होतोय."

"हॉस्पिटल बावीस वर्षं माझंही आहे, सर. बुडवायचं असतं तर हूक टाकून दिले असते आणि तुमच्या अहवालावर सही केली असती."

"तुमच्यावर कारवाई होईल."

"व्हायला पाहिजे. चूक माझी आहे. फक्त माझ्याच चुकीवर व्हावी. भाकरीवर नाही."

एवढं बोलून बाहेर आले.

डॉ. पिंगळे कॉरिडॉरमध्ये भेटले. त्यांनी माझा कागद वाचलेला होता. खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, परत लावलं. "शनिवारी चौकशी समितीत बघू," म्हणाले. त्यांच्यावर मी भरवसा ठेवलेला नाही. पण पेन काढलं, ते मी पाहिलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज रोबोटची खोकी उघडली. त्याची कात्री बोटाएवढी, सुंदर वस्तू आहे. कात्रीच्या सांध्यावर एक छोटी सिलिकॉनची टोपी बसवतात. काम तेच, करंट बाजूला जाऊ नये. टोपीच्या पाकिटावर छापलं आहे: एकदाच वापरायची. कार्यालयाकडून आलेल्या पत्रात आहे: प्रत्येक टोपी निर्जंतुक करून पाच वेळा वापरावी, आणि किती वेळा वापरली हे कळण्यासाठी 'ऑपरेशन थिएटरच्या प्रचलित पद्धतीने' रंगाची खूण करावी.

माझ्याच पद्धतीने. वाचून हसू आलं आणि लगेच थांबलं.

पत्राच्या मागे उत्तर लिहून शिक्का मारून परत पाठवलं: या थिएटरमध्ये आजपासून रंगाची खूण बंद. टोपी एकदाच. तपासणीचं यंत्र येईपर्यंत प्रत्येक हूक आणि कात्री मेगर लावून बघितल्याशिवाय टेबलावर येणार नाही. मेगर मी घरून आणते आहे, भाडं नको. पाकिटं मोजून कपाटात ठेवली आणि नेलपॉलिशच्या बाटल्या कचऱ्यात गेल्या. तृप्ती एक मागत होती, बोटांना लावायला. दिली.

दुपारी कुसाबाईंचा आवाज फुटला. पहिलं काय विचारलं, तर जनावरांना कोण बघतंय. धोंडीरामांनी या वेळी पलंगापर्यंत जाऊन सांगितलं, धाकट्या भावाची सून. कुसाबाई म्हणाल्या, "तिला दूध काढता येत नाय." बराच वेळ दोघं गायीविषयी बोलत होते. मग धोंडीरामांनी टोपीतला कागद काढून तिच्या उशाखाली सरकवला. तिला वाचता येत नाही. तरी तिने हात घालून तो चाचपून पाहिला. मी पडद्याजवळून जात होते, तेव्हा तिने मला थांबवून विचारलं, "तूच का ती खूणवाली?" हो म्हटलं. तिने मान फिरवली. ठीक आहे. तिचा हक्क आहे.

उद्या, शनिवारी अकरा वाजता चौकशी समितीपुढे मला बोलावलं आहे. बाहेरचे दोन सर्जन असतील, शिवाय मनोज सर आणि डॉ. पिंगळे. दोन्ही हूक, राखीव हूक आणि पुस्तिका घेऊन जाणार आहे. फारुख मेगर घेऊन गेटवर थांबणार आहे. आत सोडला नाही तर मी मेगर उचलून आत नेईन, हँडल मला फिरवता येतं. समिती निलंबित करेल अशी शक्यता आहे. केलं तरी सोमवारच्या ट्रेवर टोप्या नव्या असतील, तेवढं तृप्तीला सांगून ठेवलं आहे, आणि तिने होकार दिला आहे.

उद्याच सकाळी नऊ वाजता कुसाबाईंना पहिल्यांदा तोंडाने पातळ द्यायचं आहे. नागलीची आंबील चालेल का, मी डॉ. पिंगळ्यांना विचारलं. चालेल म्हणाले. तोंडी नको, कागदावर द्या, म्हटलं. त्यांनी दिलं, सहीसकट. धोंडीराम संध्याकाळच्या जीपने सुरगाण्याला पीठ आणायला गेले, सकाळी सातपर्यंत येतो म्हणालेत. वाटी आणि चमचा मी उकळून ठेवला आहे. डॉक्टरांच्या सहीखाली नर्सिंगच्या सूचनांमध्ये मी एक ओळ घातली आहे: पहिला चमचा नवऱ्याने द्यायचा.